मे महिन्यात टुरिस्ट पळाले का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात श्रीलंकेत २०२४ च्या प्रत्येक महिन्यात किती परदेशी पर्यटक आले त्याचा तक्ता दिला होता, त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून पत्रं आली आणि व्हॉट्सअॅपवर तर अजून मेसेज येताहेत. ज्यांच्या हातात तो अंक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, वर्षभरात एकूण २०,५३,४६५ पर्यटक आले, सगळ्यात जास्त डिसेंबरात, २,४८,५९२, आणि सगळ्यात कमी मे महिन्यात, १,१२,१२८. बाकीचे आकडे लागतील तसे खाली देतो. श्रीलंका मुद्दाम घेतली होती, एक तर तिथलं पर्यटन विकास प्राधिकरण महिना संपला की लगेच आकडा जाहीर करतं, आणि दुसरं म्हणजे आपल्याकडून तिकडे जाणारे ग्रुप वाढलेत, कोणी रामायणातली ठिकाणं बघायला जातं, कोणी अनुराधापूर आणि कँडी या बौद्ध तीर्थांच्या दर्शनाला. सगळीच पत्रं छापता येत नाहीत, पण ज्या प्रश्नांची उत्तरं बाकीच्यांच्याही कामाची आहेत ते घेतलेत.

प्रश्न : सर, माझी धुळ्यात छोटी ट्रॅव्हल एजन्सी आहे, श्रीलंकेचे ग्रुप नेतो. तुमचा तक्ता एका कस्टमरने बघितला आणि आता मे महिन्याचं बुकिंग कॅन्सल करा म्हणतोय. एप्रिलला १,४८,८६७ आणि मेला १,१२,१२८, म्हणजे एका महिन्यात पाव टुरिस्ट गायब, तिकडे नक्की काहीतरी झालं असणार असं त्याचं म्हणणं. त्याला काय सांगू?

त्याला सांगा की काहीही झालं नव्हतं, मे महिना तिकडे दरवर्षी असाच असतो. मी २०१८, २०२३ आणि २०२४ ही तिन्ही वर्षं समोर ठेवून बघितली, तिन्ही वर्षांत सगळ्यात कमी आकडा मे महिन्याचाच आहे. कारण साधं आहे, मेच्या मध्यापासून नैऋत्य मोसमी पाऊस श्रीलंकेच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर धडकतो, आणि कोलंबो, गॉल, बेंटोटा हा सगळा बीचचा पट्टा तिथेच आहे. त्यात युरोपातली थंडी संपलेली असते, ऊन शोधत लांब जायची गरज तिकडच्या लोकांना उरत नाही, आणि त्यांच्या शाळांच्या मोठ्या सुट्ट्या अजून लागायच्या असतात. आपल्या बाजार समितीत मे महिन्यात कापसाची आवक नोव्हेंबरपेक्षा कमी झाली म्हणून कोणी कापूस बुडाला असं म्हणत नाही, मागच्या मेला किती आला होता ते विचारतो, तसंच हे आहे.

आता तुमच्या कस्टमरला कागदावर करून दाखवा. मे २०२४ चा आकडा १,१२,१२८. एप्रिल २०२४ शी ताडला तर २४.७ टक्के घट. मे २०२३ शी ताडला, तेव्हा ८३,३०९ आले होते, तर ३४.६ टक्के वाढ. आणि मे २०१८ शी ताडला, तेव्हा १,२९,४६६ होते, तर १३.४ टक्के घट. आकडा एकच, उत्तरं तीन, आणि तिन्ही बरोबर. पहिलं उत्तर फक्त एवढंच सांगतं की पावसाळा आला. दुसरं सांगतं की २०२२ च्या आर्थिक संकटातून देश वर येतोय, आणि तिसरं सांगतं की जुन्या चांगल्या दिवसांपर्यंत तो अजून पोचलेला नाही. ज्याला जे छापायचं असतं तो त्यातलं एक उचलतो आणि बाकीची दोन सोडून देतो, याचा मला खरंच राग येतो, कारण त्या एका ओळीवर तुमच्यासारख्याचं बुकिंग जातं आणि तिकडे एखाद्या गेस्ट हाऊसवाल्याची खोली रिकामी पडते.

मग खरंच काही झालं तर ते कसं ओळखायचं? २०१९ बघा. २१ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, अडीचशेच्या वर माणसं गेली. त्या वर्षी मार्चला २,४४,३२८ पर्यटक आले होते, एप्रिलला १,६६,९७५, आणि मेला फक्त ३७,८०२. मे नेहमीच कमी असतो हे धरूनही आदल्या वर्षीच्या मेपेक्षा ही घट ७०.८ टक्के निघते, हा सीझनचा खेळ नाही, हा खरा मार आहे. आणि त्याच वर्षीचा डिसेंबर बघितला की तो देश किती लवकर उभा राहिला तेही दिसतं, २,४१,६६३, आदल्या डिसेंबरच्या २,५३,१६९ पेक्षा जेमतेम साडेचार टक्के कमी. आठ महिन्यांत. त्यानंतर लगेच कोरोना आला ही गोष्ट वेगळी.

तेव्हा कस्टमरला महिन्याच्या शेजारी महिना लावू नका, त्याच महिन्याच्या शेजारी मागच्या वर्षीचा तोच महिना लावा, आणि जमलं तर २०१८ चाही लावा. आणि पावसाचं मात्र खरं सांगा, मे मध्ये छत्री लागेल.

प्रश्न : मी भुसावळला एम.कॉम.ला आहे, प्रोजेक्टसाठी हाच विषय घेतलाय. मॅडम म्हणतात महिन्याचे आकडे डायरेक्ट वापरू नको, आधी दुरुस्त कर. म्हणजे नेमकं काय करायचं? एक्सेल येतं मला.

मॅडम बरोबर सांगताहेत. सगळ्यात आधी महिन्याचे दिवस मोजा, हे एवढं सोपं आहे की लोक विसरतातच. २०२४ च्या जानेवारीत श्रीलंकेत २,०८,२५३ आले, फेब्रुवारीत २,१८,३५० आणि मार्चमध्ये २,०९,१८१. वरवर बघितलं तर तिन्ही महिने सारखेच वाटतात, ग्राफ काढला तर जवळजवळ सपाट रेघ येते. आता दिवसांनी भागा. जानेवारीला रोज ६,७१८, मार्चला रोज ६,७४८, आणि फेब्रुवारीला, त्या वर्षी २९ दिवसांचा होता, रोज ७,५२९. म्हणजे रोजचे आठशे माणसं जास्त, विमानतळावर, टॅक्सीत, हॉटेलात, सगळीकडे. हा फरक महिन्याच्या बेरजेत दडून बसतो. लीप वर्षाचा फेब्रुवारी साध्या वर्षाच्या फेब्रुवारीशी ताडताना तर ही काळजी घ्यायलाच पाहिजे, नाहीतर साडेतीन टक्के वाढ फुकट दिसेल.

दुसरं, सीझनचा निर्देशांक. वर्षाच्या बेरजेला १२ ने भागा, २०२४ साठी १,७१,१२२ येतात. प्रत्येक महिन्याला या सरासरीने भागून १०० ने गुणा. डिसेंबर १४५ येतो, मे ६६ च्या आसपास. जुलै बघा, १,८७,८१० म्हणजे ११०, आजूबाजूच्या जून आणि सप्टेंबरपेक्षा चांगलाच वर. हा दुसरा छोटा सीझन आहे, युरोपातल्या उन्हाळी सुट्ट्या, कँडीचा एसला पेराहेरा हा उत्सव जुलै-ऑगस्टमध्ये येतो तो, आणि पूर्व किनारा, त्रिंकोमाली वगैरे, तेव्हा कोरडा असतो कारण तिकडचा पाऊस ऑक्टोबरनंतर. एकाच वर्षावरून निर्देशांक काढून थांबू नका पण, निदान तीन-चार वर्षांचा काढून सरासरी घ्या, आणि २०१९ ते २०२२ ही वर्षं त्यात धरू नका, ती आजारी वर्षं आहेत, त्यातून सीझन कळत नाही.

तिसरं म्हणजे सरकते सण. ईस्टर २०२३ ला ९ एप्रिलला होता, २०२४ ला ३१ मार्चला, २०२५ ला २० एप्रिलला. सुट्टीवर येणारे युरोपीय त्याप्रमाणे एका वर्षी मार्चच्या खात्यात पडतात आणि पुढच्या वर्षी एप्रिलच्या. म्हणून मार्च आणि एप्रिल वेगवेगळे ताडण्यापेक्षा दोन्हींची बेरीज ताडा. रमजान, ईद तर दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात, त्यामुळे आखाती देशांतले पर्यटक जिथे जास्त जातात तिथे हे अजून महत्त्वाचं. चिनी नववर्षाचंही तेच, कधी जानेवारी कधी फेब्रुवारी.

शेवटी बारा महिन्यांची सरकती बेरीज काढा, म्हणजे प्रत्येक महिन्याला मागच्या बारा महिन्यांची टोटल. त्यात सीझन आपोआप निघून जातो आणि देश खरंच वर चाललाय की खाली ते एका रेघेत दिसतं. प्रोजेक्टमध्ये हा एक ग्राफ नीट काढलात तर बाकीचे सगळे दुय्यम आहेत असं मला वाटतं, परीक्षकाला समजवायलाही हाच सोपा जाईल.

प्रश्न : नंदुरबारहून लिहितोय. मी डिसेंबर २०२१ ची वाढ डिसेंबर २०२० शी काढून बघितली तर २२ हजार टक्के आली. माझं चुकतंय का?

नाही, गणित बरोबर आहे, ३९३ वरून ८९,५०६, म्हणजे २२,६७५ टक्के. कोरोनामुळे श्रीलंकेने मार्च २०२० मध्ये विमानतळ बंद केले, एप्रिल ते नोव्हेंबर एकही पर्यटक नाही, डिसेंबरच्या शेवटी थोडे आले तेच हे ३९३. इतक्या लहान आकड्यावर टक्का काढला की काहीही निघतं. आणि मे २०२१ चा मे २०२० शी तर टक्काच निघत नाही, खाली शून्य आहे. अशा वेळी मागचं चांगलं वर्ष घ्या, डिसेंबर २०१९ ला २,४१,६६३ होते, त्याच्या ३७ टक्के एवढेच डिसेंबर २०२१ ला आले. हे वाक्य खरी परिस्थिती सांगतं.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत असतो, दर दोन-तीन वर्षांनी डिसेंबरात फैजपूरला येतो, घरी राहतो, भरीत-पुरी खातो, नातेवाईकांना भेटतो आणि जातो. माझे एक मित्र म्हणतात सरकार त्यालाही परदेशी पर्यटक धरतं. खरं आहे का?

काका, त्याचा पासपोर्ट कुठला आहे त्यावर ठरतं. अमेरिकेचा पासपोर्ट घेतला असेल तर हो, तो भारताच्या परदेशी पर्यटकांच्या आकड्यात येतो, मग तो हॉटेलात उतरो की तुमच्या ओसरीवर झोपो. भारतीय पासपोर्ट असेल आणि तिकडे स्थायिक असेल तर तो अनिवासी भारतीयांच्या वेगळ्या आकड्यात जातो, आणि परदेशी अधिक अनिवासी मिळून आंतरराष्ट्रीय पर्यटक आगमन असा तिसरा मोठा आकडा होतो. २०१९ ला परदेशी पर्यटक १ कोटी ९ लाखांच्या वर होते, अनिवासी धरून हाच आकडा १ कोटी ७९ लाखांपर्यंत गेला. एका बातमीत १ कोटी आणि दुसरीत पावणेदोन कोटी दिसले तर दोन्ही खोटे नसतात, मोजलेली माणसं वेगळी असतात.

जगभर व्याख्या अशी आहे की जो नेहमीच्या राहत्या जागेपासून दूर जाऊन निदान एक रात्र मुक्काम करतो, वर्षापेक्षा कमी राहतो आणि तिथे नोकरी धरायला आलेला नसतो, तो पर्यटक. फिरायला येणं ही अट नाहीये. नातेवाईकांकडे येणारा, ऑपरेशनला येणारा, मीटिंगला येणारा, तीर्थाला येणारा, सगळे त्यातच. आणि मोजतात ते माणसं नाही, येणं मोजतात, तुमचा मुलगा एका वर्षात दोनदा आला तर दोन.

म्हणून भारताचा डिसेंबर एवढा फुगतो हेही लक्षात घ्या. २०१९ ला मेमध्ये साधारण ६ लाख १५ हजार आणि डिसेंबरात १२ लाख २६ हजार, बरोबर दुप्पट. त्यात थंडी बघून येणारे, गोवा-राजस्थानवाले आहेतच, पण नाताळच्या सुट्टीत आई-वडिलांना भेटायला, लग्नाला येणारी आपलीच मुलंही भरपूर आहेत. त्यांना मी कमी लेखत नाही, ती येतात म्हणून इकडची सोन्या-कापडाची दुकानं चालतात, फक्त त्यांचा आकडा बघून अजिंठ्याच्या हॉटेलवाल्याने खोल्या वाढवू नयेत.

प्रश्न : माझं गाव पहूर, अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी फर्दापूरच्या टी पॉइंटला माझं छोटं दुकान आहे, स्फटिकाच्या वस्तू, पुस्तकं, माळा असं विकतो. पेपरात दर दोन महिन्यांनी येतं की परदेशी पर्यटक वाढले, अमुक टक्के वाढले, महाराष्ट्र नंबर एक. मग ते आमच्याकडे का दिसत नाहीत? आम्ही दिवसभर वाट बघतो. आकडे खोटे असतात का? जरा सविस्तर सांगा.

भाऊ, या पत्राचं उत्तर देण्यासाठीच खरं तर हे पान वाढवून घेतलंय. आकडे खोटे नसतात, पण ते तुमच्या टी पॉइंटवर मोजलेले नसतात, विमानतळाच्या आणि सीमेवरच्या इमिग्रेशन काउंटरवर मोजलेले असतात. दिल्लीला उतरून आग्रा-जयपूर करून परत गेलेला माणूस त्यात असतो. मुंबईत दोन दिवस मीटिंग करून गेलेला असतो. वर म्हटलं तसा फैजपूरचा मुलगा असतो. आणि बांगलादेशातून रस्त्याने बंगालमध्ये येऊन कोलकात्याला किंवा तिथून पुढे चेन्नई-वेल्लोरला उपचारासाठी जाणारे असतात, त्यांची संख्या प्रचंड, २०२३ मध्ये भारतात आलेले बांगलादेशी २१ लाखांच्या वर होते, सगळ्या देशांत पहिला नंबर. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथली सत्ता गेली, व्हिसा देणं आखडलं आणि त्या वर्षी तो आकडा साडेसतरा लाखांच्या आसपास आला, अमेरिका पुढे गेली. देशाच्या एकूण आकड्यात त्याने मोठा फरक पडला, तुमच्या दुकानात मात्र एका माळेचाही नाही, कारण ते गिऱ्हाईक तुमच्याकडे कधी येतच नव्हतं.

आता महाराष्ट्र नंबर एकचं. राज्यांचा आकडा वेगळ्या पद्धतीने निघतो, एकच पर्यटक दिल्ली, राजस्थान आणि महाराष्ट्र असा फिरला तर तिन्ही राज्यांत एकेक धरला जातो. २०१९ ला देशात शिरलेले परदेशी १ कोटी ९ लाख आणि सगळ्या राज्यांच्या भेटींची बेरीज ३ कोटी १४ लाख, एवढा फरक. महाराष्ट्राच्या वाट्याला जे येतात त्यातले खूपसे मुंबईत उतरले म्हणून महाराष्ट्राचे. मुंबईच्या हॉटेलातल्या मुक्कामाने अजिंठ्याच्या पायथ्याला काही मिळत नाही हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आणि जे खास बुद्धाच्या ओढीने येतात, श्रीलंका, थायलंड, म्यानमारहून, ते बहुतेक बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि तिथून नेपाळात लुंबिनी असे जातात, बिहार-उत्तर प्रदेशातच त्यांचे दिवस संपतात. हे मला फार लागतं. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात सिंहल अवदानाचं, म्हणजे सिंहलाच्या बौद्ध कथेचं, मोठं चित्र आहे, व्यापारी सिंहल, फुटलेलं जहाज, राक्षसिणींचं बेट आणि शेवटी हत्ती-घोड्यांची फौज घेऊन त्या बेटावर उतरलेला राजा सिंहल, म्हणजे श्रीलंकेच्या माणसाला त्याच्याच बेटाची दीड हजार वर्षं जुनी गोष्ट आपल्या डोंगरात भिंतीवर रंगवलेली दाखवता येते. जगात दुसरीकडे कुठे असं आहे? आणि सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतल्या नागरिकांना पुरातत्त्व खात्याचं तिकीटही भारतीयांच्याच दराने, ४० रुपये, बाकी परदेशी ६०० देतात. म्हणजे श्रीलंका, थायलंड, म्यानमार, नेपाळ, भूतान, बांगलादेश सगळे ४० मध्ये आत. तरी ते येत नाहीत कारण त्यांच्या टूरवाल्याच्या कागदावर अजिंठा नसतो.

यातून एक गोष्ट तुमच्या हातातली निघते. ६०० च्या तिकिटावरून परदेशी मोजू नका, कोलंबोचा माणूस तुमच्या समोरून ४० च्या तिकिटाने निघून गेलेला असेल. त्यापेक्षा दुकानात एक साधी वही ठेवा. तारीख, कुठल्या देशाचे, किती जण, कुठून आले आणि रात्री कुठे राहणार, एवढंच. बसमधून उतरले की ड्रायव्हर किंवा गाइड सांगतोच. तुमच्यासारखे चार-पाच दुकानदार आणि दोन गाइड मिळून हे वर्ष-दोन वर्षं करू शकलात तर फर्दापूरचा स्वतःचा सीझन तुम्हाला कळेल, तो दिल्लीच्या आकड्यासारखा अजिबात नसेल. नोव्हेंबर ते मार्च जोर, एप्रिल-मे उन्हाने मोकळे, आणि जुलै-ऑगस्टला धबधबा बघायला आपलेच लोक, असं ढोबळ तुम्हाला आधीच माहिती आहे, पण कुठल्या देशाचे कुठल्या आठवड्यात हे वहीतूनच कळेल. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जपानी येतात हे माहीत असेल तर जपानी भाषेतलं पुस्तक तेव्हा पुढे मांडता येतं, आणि कुठले परदेशी किती वेळ थांबतात ते दाखवून गावात मुक्कामाची सोय मागता येते.

मुक्कामाचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. अजिंठ्याला येणारा बहुतेक परदेशी सकाळी छत्रपती संभाजीनगरहून निघतो आणि संध्याकाळी परत जातो, किंवा जळगाव स्टेशनला उतरून साठेक किलोमीटर येतो, लेणी बघतो आणि रात्रीची गाडी धरतो. रात्र दुसरीकडे पडली की जेवण, खोली, रिक्षा, सगळं तिकडे जातं, तुमच्याकडे पाण्याची बाटली आणि फार तर एखादी माळ. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, या दोन दिवसांच्या मध्ये सापडलेला पर्यटक तर एकच जागा बघून निघून जातो, त्याला आदल्या रात्री कोणी नीट सांगितलं असतं तर तो एक दिवस थांबला असता. मधली काही वर्षं रस्त्याच्या कामाने जो त्रास दिला तो तुम्ही भोगलाच आहे, त्या काळात ज्या टूरवाल्यांनी अजिंठा कागदावरून काढला त्यांनी तो सगळ्यांनीच परत घातला असेल असं नाही. तुमच्या वहीतले आकडे घेऊन गाइड मंडळी आणि हॉटेलवाले एकत्र पर्यटन महामंडळाकडे गेले तर बोलण्याला वजन येईल. वही सुरू केलीत तर मला कळवा, पहिल्या सहा महिन्यांचा तक्ता या पानावर छापायची जबाबदारी माझी.

प्रश्न : पर्यटक वाढले म्हणजे पैसा वाढला असंच ना? (अमळनेर)

तेवढं सरळ नाही. श्रीलंकेत २०१८ ला २३,३३,७९६ पर्यटक आले आणि पर्यटनाची कमाई साधारण ४.३८ अब्ज डॉलर झाली, २०२४ ला २०,५३,४६५ आले आणि कमाई ३.१७ अब्ज. माणसं ८८ टक्के परत आली, पैसा ७२ टक्केच. कोण आलं, किती दिवस राहिलं, कुठल्या दराच्या खोलीत राहिलं यावर सगळं अवलंबून. २०२४ ला तिकडे सगळ्यात जास्त भारतीय गेले, ४ लाख १७ हजारांच्या आसपास, त्यानंतर रशियन दोन लाखांवर. जवळच्या देशाचा माणूस चार-पाच दिवसांत परततो, युरोपातून आलेला दीड-दोन आठवडे राहतो, आकड्यात मात्र दोघंही एकेकच. शिवाय माणसं विमानतळावर मोजलेली असतात, कमाई मात्र मोजलेली नसते, सरासरी मुक्काम आणि रोजचा खर्च याच्या सर्व्हेवरून काढलेला तो अंदाज असतो, म्हणून दोन्हींवर सारखा भरवसा ठेवू नका.

प्रश्न : भारताने किंवा श्रीलंकेने व्हिसा फ्री केला की लगेच आकडा वाढतो का?

मदत होते, पण सगळं श्रेय व्हिसाला देऊ नये. श्रीलंकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत, चीन, रशियासह सात देशांची व्हिसा फी मार्च २०२४ पर्यंत माफ केली, आणि डिसेंबर २०२३ ला २,१०,३५२ आले, नोव्हेंबरला १,५१,४९६ होते. पण नोव्हेंबर ते डिसेंबर उडी तिकडे दरवर्षीच असते, २०२४ ला सुद्धा १,८४,१५८ वरून २,४८,५९२ झाली. उडीत व्हिसाचा वाटा किती हे काढायचं तर फी माफ असलेल्या सात देशांचे आकडे आणि माफी नसलेल्या देशांचे आकडे वेगळे करून दोन्हींची वाढ शेजारी ठेवावी लागते.

प्रश्न : भाऊ, टक्का-बिक्का माले समजत नही, एवढंच सांगा, श्रीलंकाले जावानं कव्हय? आम्ही शिरपूरना आठ जण शेत.

कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, सीता एलिया, गॉल असं करायचं असेल तर जानेवारी ते मार्च, हवा छान पण गर्दी आणि दर दोन्ही वर. त्रिंकोमालीचं कोणेश्वर मंदिर आणि तिकडचा समुद्र मुख्य असेल तर मे ते सप्टेंबर. मुलांच्या सुट्टीमुळे मेच धरावा लागत असेल तर बिनधास्त जा, पश्चिमेला पाऊस लागेल पण दिवसभर नसतो, आणि ऑफ सीझन असल्यामुळे आठ जणांना हॉटेलात चांगला भाव पाडून मिळेल, तो बुकिंग करतानाच मागा. जुलै-ऑगस्टला पेराहेराच्या दिवसांत कँडीला खोली आधी पक्की केल्याशिवाय जाऊ नका. आणि आठही जणांचे पासपोर्ट आत्ताच काढून बघा, तिकडे पोचायच्या तारखेपासून सहा महिने तरी मुदत उरलेली पाहिजे, कोणाची कमी असेल तर रिन्यूला आजच टाका.